निरोपांची रांग

(मोबाइलमधील अ‍ॅपचे निरनिराळे भाग एकमेकांना निरोप कसे देतात, निरोप देणारा भाग उत्तराची वाट पाहत का थांबत नाही आणि या पद्धतीत कोणती काळजी घ्यावी लागते, हे प्रस्तुत पाठात पेण व रोहा परिसरातील परिचित उदाहरणांनी समजावून सांगितले आहे.)

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरी मोबाइल असेलच. त्यावरून तुम्ही नातेवाइकांना संदेश पाठवता. रेल्वेगाडीची वेळ पाहता. दुकानात वडील मोबाइलवरून पैसे देतात, तेही तुम्ही पाहिले असेल. बोट पडद्यावर टेकते आणि काम होते. पण बोट टेकल्यापासून काम पूर्ण होईपर्यंत आत काय घडते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का?

अ‍ॅप बाहेरून एकसंध दिसते, पण त्याच्या आत अनेक घटक असतात. एक घटक पडद्यावर अक्षरे आणि चित्रे दाखवतो. दुसरा माहिती साठवून ठेवतो. तिसरा बाहेरच्या जगाशी संपर्क साधतो. चौथा 'टिंग' असा आवाज करून सूचना देतो. हे सारे घटक म्हणजे एका कारखान्यातले कारागीरच होत. कारागिरांना एकमेकांशी बोलावे लागते. त्यांच्या बोलण्याची रीत चांगली असेल, तर काम सुरळीत चालते. ती चुकली, तर सगळा कारखाना ठप्प होतो. ही रीत आज आपण समजून घेणार आहोत.

प्रथम एका शब्दाची ओळख करून घेऊ. उर्दूत आपण ज्याला पैगाम म्हणतो, त्याला मराठीत संदेश किंवा निरोप म्हणतात. 'निरोप' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. पाहुण्यांना निरोप देणे म्हणजे त्यांना विदा करणे. कुणाच्या हाती निरोप पाठवणे म्हणजे पैगाम पाठवणे. या पाठात आपल्याला दुसरा अर्थ हवा आहे.

निरोप देण्याच्या दोन रीती आहेत. टेलिफोनवर तुम्ही बोलता, तेव्हा समोरच्या माणसालाही त्याच वेळी फोनजवळ असावे लागते. त्याने फोन उचलेपर्यंत तुम्ही कान लावून थांबता. प्रश्न विचारला, की उत्तर मिळेपर्यंत थांबता. तोपर्यंत तुम्हाला दुसरे काम करता येत नाही. या थांबून बोलण्याच्या रीतीला संगणकाच्या भाषेत 'सिंक्रोनस' म्हणतात.

पत्राचे तसे नसते. पेणच्या टपालपेटीत तुम्ही पत्र टाकता आणि आपल्या कामाला लागता. पत्र रोह्याला केव्हा पोहोचेल, पोस्टमन ते केव्हा देईल, घेणारा ते केव्हा वाचेल, यासाठी तुम्ही टपालपेटीजवळ उभे राहत नाही. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर तुमचे काम चालू राहते. निरोप ठेवून पुढे जाण्याच्या या रीतीला 'अ‍ॅसिंक्रोनस' म्हणतात. शब्द लांबलचक आहे, पण अर्थ सोपा आहे. देणाऱ्याची वेळ आणि घेणाऱ्याची वेळ एकच असण्याची गरज नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही रीत प्रत्यक्ष पाहायची असेल, तर पेणच्या एखाद्या मूर्तीच्या कारखान्यात जावे. पेण शहर गणेशमूर्तींसाठी देशभर प्रसिद्ध आहे. पेणमध्ये आणि जवळच्या हमरापूर, जोहे यांसारख्या गावांत मूर्तींचे शेकडो कारखाने आहेत. गणेशोत्सव वर्षातून एकदा येतो, पण हे काम जवळजवळ वर्षभर चालते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती जहाजाने न्याव्या लागतात, म्हणून त्या कित्येक महिने आधीच तयार ठेवतात.

या कारखान्यात एकच माणूस मूर्तीचे सगळे काम करत बसत नाही. एक कारागीर साच्यातून मूर्ती काढतो. ही झाली कच्ची मूर्ती. ती वाळवावी लागते. मग दुसरा कारागीर तिला घासून गुळगुळीत करतो. तिसरा रंग देतो. शेवटी सर्वांत कसबी हात डोळ्यांची आखणी करतो. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. साच्यातून मूर्ती काढणारा कारागीर ती मूर्ती हातात धरून रंगाऱ्याची वाट पाहत नाही. तो ती फळीवर ठेवतो आणि पुढच्या मूर्तीला लागतो. रंगारीही साच्याजवळ जाऊन उभा राहत नाही. हातातले काम संपले, की तो फळीवरची पुढची मूर्ती उचलतो. दोघांचा वेग वेगळा असला, तरी दोघांपैकी कुणाचेही काम अडत नाही. दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे मधली फळी.

अ‍ॅपच्या आतही अशीच एक फळी असते. तिला 'मेसेज क्यू' म्हणजे निरोपांची रांग म्हणतात. आपण उर्दूत जिला कतार म्हणतो, तीच ही रांग. एक घटक रांगेच्या शेवटी निरोप ठेवतो आणि पुढे जातो. दुसरा घटक रांगेच्या सुरुवातीचा निरोप उचलतो, त्याप्रमाणे काम करतो आणि मग पुढचा निरोप उचलतो. अँड्रॉइड फोनमध्ये या व्यवस्थेतील भागांना नावेही आहेत. 'हँडलर' निरोप रांगेत ठेवतो आणि पाळी आली की तो उघडून काम करतो. 'लूपर' रांगेवर लक्ष ठेवून एकेक निरोप पुढे सरकवत राहतो. आयफोनमध्ये अशा रांगेला 'डिस्पॅच क्यू' म्हणतात. नावे वेगळी आहेत, पण रीत एकच आहे.

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशासाठी? एका घटकाने दुसऱ्याला थेट काम सांगितले आणि ते होईपर्यंत थोडे थांबला, तर काय बिघडले?

याचे उत्तर मोबाइलच्या पडद्यात आहे. साधारण फोनचा पडदा एका सेकंदात ६० वेळा नव्याने रंगवला जातो. म्हणूनच बोट सरकवले की अक्षरे सहज सरकताना दिसतात. एक चित्र रंगवायला पडद्याच्या घटकाला सेकंदाचा साठावा भागच मिळतो. आता समजा, हा घटक बाहेरून माहिती मागवून ५ सेकंद तिची वाट पाहत थांबला. तेवढ्या वेळात ३०० चित्रे रंगवायची राहून जातील. पडदा गोठल्यासारखा होईल. तुम्ही बोटे टेकवाल, पण काहीच हलणार नाही. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपने बोटाच्या स्पर्शाला ५ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर 'अ‍ॅप प्रतिसाद देत नाही' अशी सूचना येऊ शकते. ती तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. म्हणून अ‍ॅप तयार करणाऱ्यांचा पहिला नियम असा आहे, की पडद्याच्या घटकाने कुणासाठीही थांबायचे नाही. वेळ लागणारे काम असेल, तर त्याने निरोप रांगेत ठेवावा आणि आपले काम चालू ठेवावे.

आता एका संदेशाच्या पाठोपाठ जाऊ. समजा, तुम्ही पेण स्टेशनवर रोह्याच्या गाडीत बसला आहात. वाटेत कासू, नागोठणे आणि निडी ही स्टेशने लागतात. तुम्ही रोह्याच्या खालाला संदेश लिहिता : 'आम्ही गाडीत बसलो.' पाठवण्याचे बटण दाबताच पडद्याचा घटक त्या संदेशाला एक क्रमांक देतो, तो साठवणीच्या घटकाकडे सोपवतो आणि संदेशापुढे घड्याळाचे छोटे चिन्ह दाखवतो. एवढे झाले, की तो मोकळा होतो. तुम्ही दुसरा संदेश लिहू शकता किंवा जुने फोटो पाहू शकता.

वाटेत एखाद्या ठिकाणी नेटवर्क गेले. संपर्काचा घटक संदेश पाठवून पाहतो. तो जात नाही. तो थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. पुढच्या स्टेशनाजवळ नेटवर्क येते आणि संदेश कंपनीच्या मोठ्या संगणकापर्यंत पोहोचतो. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर उलट निरोप पाठवतो, की संदेश मिळाला. व्हॉट्सअ‍ॅपवर तेव्हा घड्याळ जाऊन एक खूण उमटते. खालाचा फोन बंद असेल, तर सर्व्हर तो संदेश आपल्याजवळ सांभाळून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर असा न पोहोचलेला संदेश ३० दिवसांपर्यंत ठेवतो. खालाच्या फोनवर संदेश पोहोचला, की दोन खुणा दिसतात. तिने तो उघडला, की त्या खुणा निळ्या होतात. अर्थात, ही निळी खूण दाखवायची की नाही, हे तिच्या मर्जीवर असते.

या छोट्या खुणांमध्ये एक मोठी गोष्ट दडलेली आहे. निरोप लिहिला, निघाला, पोहोचला आणि वाचला, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपण बोलताना चारही गोष्टींना 'पाठवला' असे म्हणून मोकळे होतो. चांगले अ‍ॅप तसे करत नाही. निरोप नेमका कोणत्या टप्प्यावर आहे, हे ते आपल्याला प्रामाणिकपणे सांगते.

खालाचा फोन पर्समध्ये असतानाही त्याला संदेश आल्याचे कसे कळते? प्रत्येक अ‍ॅपने दर मिनिटाला आपापल्या सर्व्हरला 'काही आले का?' असे विचारले असते, तर फोनची बॅटरी लवकर संपली असती. त्याऐवजी फोन सर्व अ‍ॅपसाठी मिळून एक संपर्क चालू ठेवतो. गल्लीतला प्रत्येक माणूस रोज टपाल कार्यालयात जात नाही. एकच पोस्टमन सर्वांची पत्रे घेऊन येतो. तशीच ही सोय आहे. आयफोनमध्ये अशी सेवा २००९ साली सुरू झाली. अँड्रॉइडसाठी ती गूगल कंपनी चालवते.

निरोपांवर चालणाऱ्या व्यवस्थेची कल्पना मोबाइलपेक्षा जुनी आहे. १९७३ साली अमेरिकेत कार्ल हेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकासाठी एक विचार मांडला. प्रत्येक घटकाने आपली वही आपल्याजवळच ठेवावी. दुसऱ्याच्या वहीत हात घालू नये. काही हवे असेल, तर निरोप पाठवावा. हा विचार किती शहाणपणाचा आहे पाहा! एकाच वहीत दोन माणसे एकाच वेळी लिहू लागली, तर एकाचे लिहिणे दुसऱ्याच्या लिहिण्यात मिसळते आणि हिशेब चुकतो. १९८६ च्या सुमारास स्वीडनमधील एरिक्सन या टेलिफोन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहकारी टेलिफोन केंद्रांसाठी एक संगणकभाषा तयार करू लागले. तिचे नाव एरलँग. या भाषेत लाखो लहान घटक एकमेकांना केवळ निरोप पाठवून काम करू शकतात. एक घटक बिघडला, तरी बाकीचे चालू राहतात. पुढे व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर याच भाषेत तयार झाले. टेलिफोन हे थांबून बोलण्याचे साधन आहे, पण त्याच्या केंद्रासाठी तयार झालेली भाषा न थांबता निरोप देण्याच्या कामी आली.

मात्र ही रीत अगदी निर्दोष आहे, असे समजू नका. तिच्यात चार अडचणी येतात.

पहिली अडचण म्हणजे निरोप हरवणे. तुम्ही न थांबता पुढे गेलात, तर निरोप वाटेत हरवला हे तुम्हाला कसे कळणार? यावर उपाय म्हणजे पोचपावती. रजिस्टर पत्राबरोबर गुलाबी किंवा पिवळ्या कागदाची अपेक्षा नसे, अपेक्षा असे ती घेणाऱ्याच्या सहीची. ती सही असलेली पावती, म्हणजेच आपली रसीद, परत आली की पाठवणाऱ्याला खात्री पटे. अ‍ॅपमध्येही घेणारा घटक पावतीचा निरोप परत पाठवतो. ठरलेल्या वेळेत पावती आली नाही, तर पहिला घटक तोच निरोप पुन्हा पाठवतो.

येथेच दुसरी अडचण उभी राहते. समजा, निरोप पोहोचला होता, पण पावती वाटेत हरवली. पाठवणाऱ्याला वाटेल, की निरोपच गेला नाही. तो निरोप पुन्हा पाठवेल आणि घेणाऱ्याला एकच निरोप दोनदा मिळेल. 'आम्ही गाडीत बसलो' हे खालाने दोनदा वाचले, तर काही बिघडत नाही. पण 'दुकानदाराला २०० रुपये द्या' हा निरोप बँकेने दोनदा पाळला, तर नुकसान होईल. म्हणून प्रत्येक निरोपाला स्वतंत्र क्रमांक देतात. निरोप पुन्हा पाठवताना तोच क्रमांक ठेवतात. घेणारा क्रमांक पाहतो. हे काम आधी झाले आहे असे दिसले, तर तो फक्त पावती देतो. काम पुन्हा करत नाही.

तिसरी अडचण क्रमाची आहे. तुम्ही खालाला प्रथम 'आज येतो' असे कळवले आणि नंतर 'आज येत नाही, उद्या येतो' असे कळवले. वाटेत दुसरा निरोप पुढे गेला आणि पहिला मागे राहिला, तर बिचारी खाला आजच बिर्याणी शिजवून ठेवेल! म्हणून निरोपांना १, २, ३ असे अनुक्रम देतात. क्रम उलटा झाला, तर घेणारा घटक तो नीट लावून घेतो.

चौथी अडचण रांग वाढण्याची आहे. पावसाळ्यात हवा दमट असते. मूर्ती लवकर वाळत नाहीत आणि रंगाचे काम मागे पडते. साच्याचे काम मात्र त्याच वेगाने चालू राहिले, तर फळ्या भरून जातात आणि नवी मूर्ती ठेवायला जागा उरत नाही. अशा वेळी साच्याचे काम हळू करावे लागते. अ‍ॅपमध्येही रांगेला मर्यादा घालतात. रांग भरली, तर काय करायचे, हे निरोप कशाचा आहे त्यावर ठरते. गाडी सध्या कोठे आहे हे सांगणाऱ्या निरोपांपैकी सर्वांत नवा निरोप पुरेसा असतो. जुने टाकून दिले तरी चालतात. पैशांच्या व्यवहाराचा मात्र एकही निरोप टाकून चालत नाही.

पैशांचा विषय निघाला आहे, तर त्याकडे थोडे अधिक लक्ष देऊ. यूपीआय ही सेवा भारतीय राष्ट्रीय पेमेंट्स निगमाने २०१६ साली सुरू केली. आज भाजीवालीपासून औषधाच्या दुकानापर्यंत ती सर्वत्र दिसते. समजा, रोह्याच्या बाजारात तुम्ही २०० रुपयांच्या वह्या घेतल्या आणि मोबाइलवरून पैसे दिले. तुमचे अ‍ॅप, तुमची बँक, निगमाची यंत्रणा आणि दुकानदाराची बँक यांच्यात निरोपांची ये-जा होते. यांपैकी एखाद्याचा जवाब, म्हणजे उत्तर, यायला उशीर झाला, तर पडद्यावर 'प्रलंबित' अशी अक्षरे दिसतात. प्रलंबित म्हणजे व्यवहार फसला असे नव्हे आणि पूर्ण झाला असेही नव्हे. निरोप अजून वाटेत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अशा वेळी अनेक माणसे घाबरतात आणि पुन्हा नव्याने पैसे पाठवतात. ही मोठी चूक ठरते. अ‍ॅपने स्वतः पुन्हा पाठवलेल्या निरोपाला जुनाच क्रमांक असतो, पण तुम्ही नव्याने सुरू केलेल्या व्यवहाराला नवा क्रमांक मिळतो. बँकेच्या दृष्टीने तो दुसरा व्यवहार असतो. दोन्ही पूर्ण झाले, तर ४०० रुपये जातात. म्हणून आधी थोडा धीर धरावा. अ‍ॅपमधील जुन्या व्यवहारांची यादी उघडून पाहावी. व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवावा. दुकानदारालाही पैसे मिळाले का, ते विचारावे.

पैसे खात्यातून वजा झाले आणि समोरच्याला मिळालेच नाहीत, तर काय? त्यासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी नियम घालून दिले. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे असतील, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत ५ दिवसांची आहे. त्याहून उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे आपल्याच जिल्ह्याचे सुपुत्र. त्यांचे बालपण रोह्यात गेले.

आता प्रश्न असा, की न थांबण्याची रीत एवढी उपयोगी असेल, तर सर्वत्र तीच का वापरू नये? याचे उत्तर रोहा स्टेशनावर मिळेल. येथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. १९९८ साली ती संपूर्ण मार्गावर धावू लागली. वीर स्टेशनाच्या पुढे या मार्गाचा बराचसा भाग एकेरी आहे. एकाच रुळावरून दोन्ही दिशांच्या गाड्या जातात. अशा ठिकाणी स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनला 'गाडी सोडतो आहे' असा निरोप ठेवून गाडी सोडून देऊ शकत नाही. पुढचा मार्ग मोकळा असल्याची संमती त्याला आधी मिळावी लागते. तिला 'लाइन क्लिअर' म्हणतात. ती मिळेपर्यंत गाडी थांबते. प्रवासी कंटाळले तरी थांबते, कारण येथे न थांबण्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागेल. अ‍ॅपमध्येही तसेच आहे. पैसे देण्यापूर्वी तुमचा गुप्त क्रमांक बरोबर आहे की नाही, याचे उत्तर आल्याशिवाय व्यवहार पुढे जात नाही. फरक एवढाच, की तेव्हाही पडदा गोठत नाही. तो 'कृपया थांबा' असे दाखवत जिवंत राहतो.

या ज्ञानाचा उपयोग केवळ अ‍ॅप तयार करणाऱ्यांनाच आहे, असे नाही. आपला जिल्हा मुसळधार पावसाचा आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अशा आपत्तीत वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात आणि असंख्य निरोप रांगेत अडकून राहतात. नेटवर्क परत आले, की ते सगळे एकदम येतात. समजा, कुंडलिका नदीचे पाणी वाढत असल्याचा संदेश सकाळी ८ वाजता लिहिला गेला आणि तुमच्या फोनवर तो दुपारी पोहोचला. तोपर्यंत पाणी ओसरलेले असेल किंवा आणखी वाढलेले असेल. म्हणून असा संदेश पुढे पाठवण्यापूर्वी तो केव्हा लिहिला गेला, हे पाहा. तो कोणी लिहिला, हेही पाहा. शिळा निरोप ताजा म्हणून पसरवला, तर लोक विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण निर्धास्त होतात.

आणि तातडीची मदत हवी असेल, तेव्हा संदेश टाकून स्वस्थ बसू नका. ११२ या क्रमांकावर फोन करा. समोरच्या माणसाचा आवाज ऐका आणि त्याला आपले ठिकाण नीट कळले आहे, याची खात्री करून घ्या. जेथे जीव धोक्यात आहे, तेथे थांबून बोलण्याचीच रीत योग्य होय.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे संगणकाचे शिक्षण घेतील आणि स्वतः अ‍ॅप तयार करतील. त्या वेळी या चार गोष्टी आठवा. निरोपाला क्रमांक द्या. पोचपावती मागा. रांगेवर लक्ष ठेवा. निरोप कोठवर पोहोचला, हे वापरणाऱ्याला खरेखरे सांगा. जे अ‍ॅप तयार करणार नाहीत, त्यांनी निदान एवढे लक्षात ठेवावे : निरोप देऊन पुढे जाणे सोयीचे आहे, पण निरोप दिला म्हणजे काम झाले असे नव्हे. इंतजार, म्हणजे वाट पाहणे, कोठे टाळावे आणि कोठे करावे, हे ज्याला समजले, त्याला ही सारी व्यवस्था समजली.

शब्दार्थ

घटक – एका मोठ्या वस्तूचा लहान भाग
ठप्प होणे – पूर्णपणे बंद पडणे
कसबी – कुशल, हुन्नरी
खटाटोप – पुष्कळ धडपड
पोचपावती – वस्तू किंवा पत्र मिळाल्याची लेखी खूण
प्रलंबित – अजून पूर्ण न झालेले
वजा होणे – कमी होणे
दगावणे – मरण पावणे
ओसरणे – (पाणी) कमी होणे
निर्धास्त – ज्याला काळजी वाटत नाही असा

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'निरोप' या शब्दाचे दोन अर्थ कोणते?
(आ) मूर्तीच्या कारखान्यातील कोणती वस्तू अ‍ॅपमधील रांगेसारखी आहे?
(इ) एरलँग ही भाषा कोणत्या कामासाठी तयार झाली?
(ई) 'लाइन क्लिअर' म्हणजे काय?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पडद्याच्या घटकाने कुणासाठीही थांबायचे नसते.
(आ) प्रत्येक निरोपाला स्वतंत्र क्रमांक देतात.
(इ) 'प्रलंबित' असे दिसल्यावर लगेच नव्याने पैसे पाठवू नयेत.

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पेणहून निघालेला संदेश रोह्याच्या खालापर्यंत कसा पोहोचतो?
(आ) निरोपांच्या रांगेतील चार अडचणी व त्यांवरील उपाय सांगा.

प्र. ४. पुढील उर्दू शब्दांसाठी पाठात आलेले मराठी शब्द शोधून लिहा.
पैगाम, कतार, रसीद, जवाब, इंतजार

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
ठप्प होणे, वाट पाहणे, धीर धरणे, खात्री पटणे

उपक्रम : तुमच्या रोजच्या जीवनातील थांबून बोलण्याची तीन आणि निरोप ठेवून पुढे जाण्याची तीन उदाहरणे लिहा. प्रत्येक ठिकाणी तीच रीत का योग्य आहे, याची वर्गात चर्चा करा.